बाबांचं लासलगाव

नावं बाबांनीच ठेवली. लासलगावला आयुष्यभर कांद्याची आडत केलेला माणूस. आमच्याकडे अमेरिकेतल्या डब्लिनला आला आणि चार दिवसांत कंटाळला. म्हणून एकनाथ, माझा नवरा, दर शनिवारी आम्हाला लांबच्या एका गावी न्यायला लागला. तिथे शेतकरी भाजीचा लिलाव करतात. बोली ऐकल्याबरोबर बाबा खुलले, "अगं यामिनी, हे तर आपलं लासलगाव!" मग वाटेतली पांढऱ्या चर्चची वस्ती विंचूर झाली, पेट्रोल पंपाची निफाड. आम्हीही तेच म्हणायचो. खरी नावं वाचायची कुणाला पडलीय!

२००६च्या ऑगस्टमध्ये असंच निघालो होतो. विंचूर मागे पडलं आणि बाबांनी छाती धरली. सदरा घामाने चिंब. एकनाथने गाडी कडेला घेतली, मी ९११ला फोन लावला.

"कुठे आहात?" पलीकडून बाईने विचारलं.

दोन्ही बाजूंना नुसता मका. पाटी कुठेच नाही.

"एकनाथ, गावाचं नाव काय?"

"यार, ते... थांब, आठवतो..."

"आठवतोस काय? रस्ता तोंडपाठ आहे म्हणतोस ना रे!" मी किंचाळले.

मागच्या सीटवरून बाबा पुटपुटले, "सांग की तिला. लासलगावच्या अलीकडे."

मी चर्च सांगितलं, लिलाव सांगितला. बाई म्हणाली, असे लिलाव दोन गावांत होतात, मी एकीकडे गाडी पाठवते. रोड नंबर? विंचूरनंतर उजवीकडे, एवढंच आम्हाला ठाऊक.

मक्यापलीकडे एक घर दिसलं. धावत सुटले, दार बडवलं, बाहेर आलेल्या म्हातारीच्या हातात फोन कोंबला. "हार्लन मिल गाव," ती म्हणाली आणि रस्त्याचा नंबर सांगून मोकळी झाली.

अँब्युलन्स आली, पण आधी दुसऱ्या गावी जाऊन. तिचं ठाणं आमच्या लिलावाच्या मागेच होतं, आम्ही थांबलो तिथून गाडीने पाच मिनिटांवर. त्या लोकांनी बाबांना खाली निजवलं, कितीतरी वेळ छाती दाबली. मग थांबले.

आईला फोन मीच केला. ती ओक्साबोक्शी रडली. मग एकदम म्हणाली, "तिथे तर अँब्युलन्स लगेच येते म्हणतात ना गं? मग कशी नाही आली?"

एकनाथ माझ्याकडे बघत होता.

"लांबून यायची होती, आई," मी म्हणाले.