खातं माझ्याच फोनवर

पासबुकात दर महिन्याला एकशे नव्व्याण्णव रुपये कापलेले दिसले आणि माझं डोकंच फिरलं. समोर कुठल्याशा कंपनीचं इंग्रजी नाव, जन्मात न ऐकलेलं. मी ते फोनवरून वृषभला, माझ्या मुलाला, सांगितलं. तिथंच चुकलं.

"आई, तुला कुणीतरी गंडवलंय," तो पुण्याहून म्हणाला. "रविवारी येतो. तुझं खातं माझ्या फोनवर घेतो. लागतील तसे पैसे पाठवत जाईन तुला, बास."

पाठवत जाईन म्हणे! उचगावात तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली मी. नवरा गेल्यावर पट्टा तुटला तरी कुणाला हाक मारली नाही. आता गिरणी भाड्यानं दिलीय, ते भाडं खात्यावर येतं. त्यातलं मंदिरात किती द्यायचं, भाचीच्या बाळाला काय न्यायचं, हे आता पोराला विचारून ठरवायचं? पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. पोरापुढं हात पसरावा लागणार, हे घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बँक गाठली. तिथं शिवलीला म्हणून गडमुडशिंगीची एक पोरगी बसते. आवाज असा, की माझी अडचण सगळ्या शाखेला कळली.

"अक्काताई आज्जी, ह्यो चोरटा न्हवं," ती पासबुक बघून म्हणाली. "चोरटा एकदाच हात मारतोय. ह्ये बघा, दर म्हैन्याला तीच तारीख, तेवढंच पैसं. कशाला तरी तुमीच हो म्हटलंय."

"मी कशाला म्हणू?"

"तेच बघूया की. फोन काढा."

मी फोन तिच्यापुढं धरला. सवयच तशी. फोन पुढं केला की कुणीतरी हिसकावून घेतं, चार ठिकाणी दाबतं आणि 'झालं' म्हणून परत देतं. काय झालं ते मला कधीच कळत नाही. शिवलीलानं मात्र हात मागं घेतले. "तुमीच उघडा. मी सांगते."

मी चिडले. मागं रांग चुळबुळत होती. पण ती ढिम्म हलली नाही. पहिल्यांदा पैसे कापले त्या सुमाराचे मेसेज तिनं मला शोधायला लावले. मग पैसे भरायच्या ॲपमधलं ऑटोपेचं पान उघडायला लावलं. तिथं त्याच कंपनीचं नाव होतं, आणि खाली बारीक अक्षरात 'सूर्यास्त वेळ'.

मला उभ्या उभ्या हसू फुटलं. आम्ही जैन. सूर्य बुडाल्यावर मी तोंडात घास घालत नाही. चातुर्मासात पन्हाळ्याला बहिणीकडं राहिले होते, तिथं धुक्यात सूर्य कुठं गेला तेच कळेना. म्हणून रोजची सूर्य बुडायची वेळ सांगणारं ते ॲप घेतलं. एका रुपयात आठवडाभर वापरा म्हणाले, मी बिनधास्त पिन टाकला. घरी आल्यावर ॲप काढूनही टाकलं होतं.

"ॲप काढलं म्हणून पैसं थांबत न्हाईत, आज्जी," शिवलीला म्हणाली. "परवानगी हितनं रद्द कराय लागती. दाबा."

मी दाबलं. 'रद्द' अशी अक्षरं आली. गेलेले पैसे परत यायची खात्री नाही, कंपनीला लिहून बघा, असं ती म्हणाली. नाव अजिबातच ओळखीचं निघालं नसतं, तर तिथल्या तिथं तक्रार घेतली असती, हेही सांगितलं.

रविवारी वृषभ आला आणि आल्या आल्या फोनसाठी हात पुढं केला. मी फोन दिला नाही. माझ्याच हातात धरून ते पान त्याला दाखवलं.

"हे तू केलंस?"

"मग काय तुझ्या बापानं स्वर्गातनं येऊन केलं?"

त्यानं वाकून ते पान परत एकदा वाचलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच." मला एवढं बरं वाटलं, की त्याला एक भाकरी जास्तच वाढली.

सोमवारी घरच्या भडंगाचा डबा घेऊन परत बँकेत गेले.

"आता आणि काय कापलं?" शिवलीलानं विचारलं.

"काय न्हाय कापलं. तुझे आभार मानायला आलेय. त्या दिवशी माझा फोन तू हातात घेतला असतास, तर माझं खातं पुण्याला गेलं असतं. लई उपकार झाले बाई तुझे."

"उपकार कसलं, आज्जी. बँकेचा नियम हाय, गिऱ्हाइकाच्या फोनला हात लावायचा न्हाय."

"असू दे नियम. माझं काम तर झालं."

तिनं डबा घेतला, पण उघडला नाही. "घरात कुठं नियम हाय," ती म्हणाली. "माझ्या आज्जीचं खातं मीच माझ्या फोनवर घेतलंय. तिला काय कळतंय म्हणून."

मागून कुणीतरी ओरडलं, "आवरा की पावणं!" मी जागची हलले नाही.

"पानसुपारीलाबी ती माझ्याकडं पैसं मागती, आज्जी."

"मग आज ती मागायच्या आत घरी पोच आणि तिचं खातं तिच्या हातात दे," मी म्हटलं.