माझा कान कुठल्या बाजूला?

मित्रांनो, मी एक जुना, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्रॅकेट आहे. आणि आधीच सांगून टाकतो, नापास झालेला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या फाउंड्रीत माझा जन्म झाला. पंपाचा दांडा पेलायचं माझं काम ठरलं होतं. खाली सपाट बैठक, वर दांड्यासाठी गोल घर आणि एका अंगाला बाहेर आलेला कान, असा मी मोठा ऐटबाज होतो. पण ओतताना पोटात हवा अडकली आणि पोकळी राहिली. तपासणीच्या टेबलावर काम करणाऱ्या रूपालीनं माझ्यावर लाल खडूनं फुली मारली.

मी पुन्हा भट्टीत जाणार होतो. तेवढ्यात रूपाली साहेबांना विचारून मला आणि माझ्या ड्रॉइंगची एक प्रत जवळच्या मच्छे गावात आपल्या घरी घेऊन गेली. मला भारी नवल वाटलं. हिनंच नापास केलं आणि हीच घरी नेते?

हळूहळू उलगडा झाला. कारखान्याच्या डिझाइन विभागात एक जागा रिकामी होती. कॉम्प्युटरवर यंत्रांचे भाग रचायची परीक्षा पास झाली, तर ती जागा रूपालीला मिळणार होती. एकदा ती नापास झाली होती. आता पुन्हा तसंच झालं, तर तिथं दुसरं कुणीतरी बसणार होतं. म्हणून ती माझ्या ड्रॉइंगवरून सराव करायची. मला मात्र तिच्या आईनं, अंबुबाईंनी, दाराला अडसर म्हणून लावलं होतं.

तिथून मी तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टकमक बघत बसायचो. माझ्यासारखंच कुणीतरी तिथं गरगर फिरत असे. कोण असेल हा? त्याला भट्टीचा चटका बसला असेल का? रूपाली त्याचं वजन काढायची, ड्रॉइंगवरच्या आकड्याशी ताडून बघायची आणि खूश व्हायची. वजन दर वेळी बरोबर यायचं. मग परीक्षेत चुकलं काय, हे तिला कळत नव्हतं, आणि त्यानंच तिची झोप उडाली होती.

एकदा झाडता झाडता अंबुबाईंनी मला उचलून टेबलावर आदळलं.

"ह्यो धोंडा जरा इथं राहू दे गं."

रूपालीनं मला सहज हातात घेतलं. पडद्यातल्या त्या गड्यासमोर धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. आम्ही दोघं काही केल्या जुळेनाच!

"आई, ह्याचा कान उजवीकडं हाय, आणि मी डावीकडं काढलाय!"

"मग काय झालं? कान तर हाय न्हवं?"

"वजन तेवढंच येतंय गं, म्हणून चूक दिसलीच न्हाय मला!"

तिनं बेळगावच्या कॅम्प भागात क्लास घेणाऱ्या उपेंद्र सरांना फोन लावला. सर म्हणाले, "अगं, वरून बघितलेलं चित्र आपण खाली काढतो, ते काही परदेशी लोक वर काढतात, म्हणून डावं-उजवं उलटतंय. तुझं ड्रॉइंग त्यांच्या पद्धतीचं हाय, आणि परीक्षेतबी तसंच असतंय. कुठली पद्धत ते सांगणारी कोपऱ्यातली खूण बघितली न्हाईस व्हय? वजन विचारलं तर निभावतं. तोल कुठं हाय विचारलं, की फसलीस."

रूपालीनं सगळं पुसून नव्यानं रचलं. कान जागेवर आला आणि माझा ऊर भरून आला. मित्रांनो, तो मीच होतो, पण पोकळी नसलेला. मी कसा व्हायचा होतो, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

परीक्षेच्या टेबलावर काहीही ठेवायची मनाई होती. म्हणून मी बाहेर बाकावर, अंबुबाईंच्या मांडीवर. आत काय चाललंय ते ना त्यांना कळत होतं, ना मला. अखेर रूपाली डोळे पुसत बाहेर आली.

"गेलं काय गं परत?"

"न्हाय गं आई, निकाल लगेच पडद्यावर आला, पास झालो!"

मित्रांनो, बिघडलेली वस्तू टाकून देण्याआधी एकदा हातात घ्या, चहूबाजूंनी फिरवून बघा. तिच्याजवळ अजून काही सांगायचं उरलेलं असतं.

त्या संध्याकाळी रूपालीनं ओल्या फडक्यानं माझ्या अंगावरची लाल फुली पुसली. मग बोटावर तेल घेऊन मला सावकाश चोळलं. आमच्या कारखान्यात तेल फक्त पास झालेल्यांनाच लावतात.