गुडघ्याकडे वळलेली सुई

क्षणभर डोळे मिटा पाहू. तुमच्यासमोर लालभडक लाव्हा वाहतो आहे. हळूहळू तो निवतो, काळा पडतो, त्याचा दगड होतो. त्या दगडात लोखंडाचा अंश असलेले अगदी बारीक कण असतात. दगड निवताना पृथ्वीचं चुंबकत्व जिकडे ओढत असेल, तिकडची दिशा हे कण धरून ठेवतात आणि मग लाखो वर्षं सहसा सोडत नाहीत. आता उघडा डोळे.

चिंगीची आई अशाच दगडांचा अभ्यास करायची. जुन्या खाणीत जाऊन ती पोकळ ड्रिलने खडकात अंगठ्याएवढी जाड कांडी कोरायची. पण कांडी बाहेर काढण्याआधी होकायंत्र लावून तिच्यावर दिशेचा बाण काढायचा, हा पक्का नियम. एकदा का कांडी हातात आली, की ती खडकात कुठे तोंड करून बसली होती हे कोण सांगणार?

गेल्या खेपेला आईचा मदतनीस आजारी पडला, म्हणून चिंगीचे आजोबा, म्हणजे आईचे बाबा, मदतीला गेले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. मापाशी त्यांची जुनी ओळख. ड्रिल धरून आईचे हात भरून आले, तेव्हा अर्ध्या कांड्यांची दिशा आजोबांनी गुडघा टेकून वाचली. दिवसभर ढग होते, त्यामुळे उन्हाच्या सावलीवरून ताळा घेता आला नाही. पण परत आल्यावर आजोबा भेटेल त्याला सांगत सुटले, "आम्ही हल्ली दगडांची चौकशी करतो!"

आणि आज प्रयोगशाळेतून आई आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"बाबा, काय वाचलंत हो तुम्ही? एकाच लाव्ह्याच्या कांड्या. माझ्या सगळ्या एका दिशेला, तुमची एकेक भलतीकडेच!"

"जे दिसलं ते सांगितलं," आजोबा म्हणाले.

"मग नीट दिसलं नसेल. वय झालं आता. पुढच्या वेळी तुम्ही गाडीतच बसा."

आजोबा उठले. खिडकीशी जाऊन चिंगीच्या गणवेशाची शिवण घालत बसले. चिंगी त्यांच्याकडे पाहत राहिली. त्यांनी दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्या झटक्यात सुईत ओवला.

हे डोळे अधू? छे!

ती आईचं होकायंत्र घेऊन आली. "आजोबा, वाचा बरं."

आजोबांनी वाचलं. बरोबर.

"आता खाणीत बसला होतात तसे बसा."

"अगं, आत्ता?" म्हणत, कण्हत, आजोबांनी उजवा गुडघा फरशीला टेकवला. चिंगीने होकायंत्र त्यांच्यासमोर ठेवलं. सुई थरथरली आणि सरळ गुडघ्याकडे वळली. चिंगीने यंत्र थोडं सरकवलं, तर सुई पुन्हा गुडघा शोधत आली.

"आजोबा, पायात काय आहे तुमच्या?"

"पायात पाय आहे."

"आजोबा!"

त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि पायजमा वर केला. आत एक जाड पट्टा होता, त्यात गोल चुंबकं ओळीने शिवलेली. शिवण अर्थातच सुबक होती.

"दुखतो गं गुडघा. तुझ्या आईला कळलं तर म्हणेल, थोतांड आहे."

"बरं वाटतं का याने?"

"खरं सांगू? पट्ट्याची ऊब तेवढी बरी वाटते." मग त्यांनी पुन्हा सुईकडे पाहिलं. गुडघा दर वेळी वेगळ्या जागी टेकला होता आणि सुई दर वेळी वेगळी फसली होती, हे त्यांच्याही ध्यानात आलं. "म्हणजे कांड्या वाया घालवल्या मी."

"कांड्या काढल्या, पण खडकातली भोकं कुठे पळालीत? ती तर त्याच दिशेला आहेत!" चिंगी म्हणाली. "पण आईला सांगावं लागेल."

आजोबांनी एक उसासा टाकला आणि पट्टा सोडून तिच्या हातात दिला.

चिंगीने तो आईच्या टेबलावर होकायंत्राशेजारी ठेवला. सुई गर्रकन फिरली. आईने पट्ट्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या आजोबांकडे.

"बाबा, हे थोतांड आहे."

"असेल. पण सुईला पटलं ना!"

आईला हसू आवरेना. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "मी उगाच तुमच्या डोळ्यांवर घसरले."

"घसरलीस खरी."

"रविवारी जाऊ. भोकांवरून सगळ्या दिशा पुन्हा मापू. पट्टा मात्र घरी."

"आणि मी गाडीत?"

"तुम्ही गाडीत बसलात तर आकडे कोण वाचणार?"

तोवर चिंगीने होकायंत्र उचललंही होतं. रविवारी बरोबर न्यायची एकेक वस्तू ती तपासत निघाली. आधी आजोबांच्या चपला, मग डब्याची पिशवी, मग आईची पर्स. पर्सच्या बटणापाशी सुई हलली. चिंगीने पर्स उचलली आणि पट्ट्याशेजारी नेऊन ठेवली.