सगळ्यात हलका हूक

आमच्या डहाणूच्या कॉलेजात पोरं डिझाइन शिकत नाहीत, रंग शिकतात. कॉम्प्युटरवर भार टाकला की कमकुवत जागा लाल दिसते, भक्कम जागा हिरवी. हिरवं झालं की मला फोटो पाठवायचा आणि कॅन्टीन गाठायचं. कितीही घसा फोडा, पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा मी म्हटलं, दोनशे किलो उचलणारा सगळ्यात हलका हूक करून दाखवा. सुनिल पहिला आला. उधव्याजवळच्या पाड्यावरचा पोरगा. त्याचे वडील चैत्याभाऊ विहिरी खोदतात. यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, बादलीतून खाली उतरायचं आणि त्याच बादलीतून दगड वर पाठवायचे, हे त्यांचं काम. सुट्टीत यारी सुनिल चालवतो.

आज त्याची फाइल कौतुकाने उघडली. सगळं हिरवंगार. मग भाराचा रकाना पाहिला. सॉफ्टवेअर भार न्यूटनमध्ये घेतं. दोनशे किलोसाठी जवळजवळ दोन हजार लिहावे लागतात. सुनिलने दोनशेच लिहिले होते. हूक वीस किलोच्या हिशोबाने बारीक केलेला. मी ते मोठ्याने बोलून गेले.

"मग मार्क कापा ना, मॅडम," शेजारच्या कॉम्प्युटरवरची श्रुतिका म्हणाली. "पण त्याने तो तलासरीला बनवून पण घेतला. आज सुट्टी टाकून यारीला लावलाय. ग्रुपवर फोटो आहे."

फोटोत हुकाला हळदकुंकू लावलं होतं. खाली फुटलेला नारळ. हिशोबात सुरक्षेसाठी थोडी जादा ताकद धरलेली असते, तिच्यावर एकटा माणूस कसाबसा उतरेल. दगडांची बादली त्याला झेपणार नाही, आणि ती चैत्याभाऊंच्या डोक्यावरूनच वर जाणार. मला भयंकर भीती वाटली.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. त्यांच्या घरचा नियम सुनिलनेच वर्गात सांगितला होता, माणूस विहिरीत असला की यारीवाल्याने फोन घ्यायचा नाही. तेव्हा मी बाकीच्यांना म्हटलं होतं, शिका जरा याच्याकडून.

पुन्हा लावला. त्याची बहीण संगीता बोलली.

"दादा यारीवर हाय, मॅडम. बा खाली हाय. बा वर आला का दादा फोन करील."

"संगीता, ऐक. यारी थांबवायला सांग. तो हूक..."

"दगडाची बादली निघाली बघा वर. ठेवते, दादा ओरडतो. फोन घ्यायचा नाय."

मी परत लावला. या वेळी कुणीच उचलला नाही.