मडमच्या दहा पिल्लांची हजेरी

गडमुडशिंगीच्या दगडखाणीजवळ राहणाऱ्या बयाबाई वडारला चौऱ्याऐंशी साली सरकारनं योजनेतून एक डुकरीण दिली. डुकरीण विलायती जातीची, पांढरीधोट, गुलाबी कानांची. गावातली काळी डुकरं ती आली की वाट सोडून उभी राहायची, म्हणून वस्तीनं तिचं नाव मडम ठेवलं.

मडम व्याली. बारा पिल्लं झाली, त्यांतली दोन पहिल्याच दिवशी तिच्याच अंगाखाली चिरडली. योजनेचे जनावरांचे डॉक्टर हंबीरराव यांनी उरलेल्या दहांची नोंद केली आणि छापील अट वाचून दाखवली. महिन्यानं मोजणी. दहाची दहा जिवंत असली तर मडम कायमची बयाबाईची. एक जरी कमी भरलं तर मडम पिल्लांसकट परत.

"परत म्हंजे कुठं?" बयाबाईनं विचारलं.

"सरकारकडं."

"सरकार डुकरं राखतंय व्हय?"

डॉक्टरांनी छापील कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्यांची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

नवव्या दिवशी दहाही पिल्लांना हगवण लागली. पिवळं पाणी नुसतं. डोळे आत गेले, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहू लागली. डॉक्टर सायकल मारत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हा रोटा व्हायरस असणार. लई बारीक. मोठ्या दुर्बिणीतनं गाडीच्या चाकागत दिसतोय म्हणं."

"तरीच! एक जागेवर थांबंना झालंय."

"ह्याच्यावर इंजेक्शन न्हाय बयाबाई. अंगातलं पाणी जातंय, तेवढं भरत ऱ्हायाचं. मीठ-साखरेचं पाणी पाजा, ऊब द्या. माणसाच्या लेकरांनाबी असलाच एक व्हायरस हुतोय. त्यांनाबी हेच देतात, पुड्या असतात त्येच्या."

"मग द्या की पुड्या."

"आमच्या दवाखान्यात गाई-म्हशींचं औषध येतंय. डुकरांचा रकाना छापलाय, औषध यायचं हाय."

बयाबाई तडक निघाली ती गावातल्या आरोग्य उपकेंद्रात शमशाद सिस्टरपुढं जाऊन बसली.

"पुड्या द्या बाई. दहा लेकरांस्नी हगवण लागलीया."

"कुणाची लेकरं, मावशी?"

"माझीच की."

बयाबाई पंचावन्नच्या पुढची होती. सिस्टरनं रजिस्टर उघडलं.

"वय?"

"नऊ दिस."

"सगळ्यांचं?"

"एकाच वक्ताला झाली."

"आईचं दूध मिळतंय?"

"मायंदाळ. बारा थानं हायती."

सिस्टरचं पेन जरा थांबलं. त्या महिन्यात वरून दोनशे पुड्या आल्या होत्या, सोबत महिनाअखेर संपवण्याचा हुकूम होता, आणि गावातली पोरं दुष्टासारखी ठणठणीत होती. सिस्टरनं लिहिलं : 'मातेचे दूध : पुरेसे.' अपत्यांच्या रकान्यात दहाचा आकडा टाकला.

"नावं सांगा. नावाबिगर पुडी देता येत न्हाय."

एका दमात आठवतील अशी दहा नावं बयाबाईला एकाच ठिकाणची ठाऊक होती. तिनं सरपंच आकारामपासून सुरुवात केली आणि ग्रामपंचायत संपवली. शेवटचं नाव बाळासो.

पुड्या देताना सिस्टर म्हणाली, "पाणी उकळून गार करायचं, चमच्यानं पाजायचं, थोडं थोडं. आणि हात धुवायचे, मावशी. तुमचे. लेकरांचे पाय ऱ्हावूद्यात."

बयाबाई गोणपाटं अंथरून गोठ्यातच बसली. दहाव्याला पाजून होईतोवर पहिल्याची पाळी यायची. आठवडाभरानं हगवण थांबली आणि ग्रामपंचायत पुन्हा मडमला लुचू लागली. बाळासो तेवढा काडीसारखा राहिला. त्याला तिनं पाटीत घालून चुलीजवळ नेलं.

महिन्याचा अहवाल तालुक्याला गेला. तिथले कुटुंबकल्याणचे साहेब अहवालातला एकच रकाना वाचत. अपत्ये : दहा. वयाचा रकाना वाचायची त्या खात्यात पद्धत नव्हती. शस्त्रक्रियांचा कोटा अर्धा बाकी असलेल्या माणसाला असा आकडा स्वप्नातसुद्धा दिसत नाही. साहेबांनी जीप काढली, शमशाद सिस्टरला मागं बसवलं.

"दहा! आणि अजून बाईंचं मन वळवता आलं नाही तुम्हाला?"

"ती ऐकण्यातली न्हाय, साहेब," सिस्टर म्हणाली आणि उसाकडं बघत बसली.

जीप पोचली तेव्हा गोठ्याशी हंबीरराव मोजणी करत होते. दोनदा मोजून झालं होतं. दोन्ही वेळा नऊ.

"त्या दहा बाळांची आई कुठं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ती काय, पसरलीया," डॉक्टरांनी मडमकडं बोट केलं.

साहेबांनी सिस्टरच्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि नोकरीत पहिल्यांदाच सगळे रकाने वाचले. मग ओरडले, "माणसांचं औषध डुकरांना? ही बाई सगळ्या योजनांतनं बाद! आजच लिहितो!"

"लिहा की," डॉक्टर म्हणाले. "पण अहवालावर सही कुणाची हाय?"

सही साहेबांची होती. शिवाय 'दहा बालके वाचवली' असं त्यांनी जिल्ह्याला कळवलं होतं आणि जिल्ह्यानं अभिनंदन केलं होतं. साहेब घाम पुसत गोठ्यात डोकावले आणि एकदम दचकले.

"अहो, ही तर नऊच आहेत! मी दहा कळवलीत! एक गेलं असलं तर बालमृत्यू दाखवावा लागेल मला!"

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून साहेब आत उतरले. सिस्टर रजिस्टर परत घेऊन कुडाबाहेरून हजेरी घेऊ लागली. "आकाराम?" साहेबांनी एक पिल्लू उचललं, ते किंचाळलं, सिस्टरनं खूण केली. असे नऊ सदस्य हजर झाले.

"बाळासो?"

कुणी किंचाळलं नाही. साहेबांनी मडमच्या पोटाखाली हात घालून चाचपलं. डॉक्टरांची पेन्सिल नऊच्या आकड्यावर टेकली.

"बाळासो!" आता साहेबच ओरडले.

खोपटातून बयाबाई बाहेर आली. काखेत पाटी, पाटीत गोधडीचा तुकडा आणि त्यातून बाहेर आलेलं एक गुलाबी नाकाड.

"कोण बोंबलतंय त्ये? आत्ताशी डोळा लागलेला त्येचा!"

"जिवंत आहे?" साहेबांनी विचारलं.

उत्तर बाळासोनंच दिलं, खाणीपर्यंत ऐकू जाईल असं.

डॉक्टरांनी दहा लिहिलं, खाली बयाबाईचा अंगठा घेतला आणि मडम तिची झाली. साहेब पाय धुऊन जीपमध्ये बसले. रजिस्टर मांडीवर घेऊन, शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'मातेस प्रत्यक्ष भेटून शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. माता विचार करीत आहे.'