साखराबाई येईपर्यंत

"आज काय हाय, मामाजी?"

"पाडवा."

"आन् ही कोण?"

माझ्या सासऱ्यांनी चुलीपुढं बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं, जरा अडखळले आणि म्हणाले, "साखराबाई."

"बराबर!" मी टाळीच वाजवली.

रायभानमामाजी हल्ली आजच्या दिवसात नसतातच. जन्मभर मेंढरं वळली, कुठकुठल्या वाटा तुडवल्या, आणि आता बसल्या जागी हरवतात. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांच्याशी आजचंच बोला, समोर असेल तेच दाखवा. झालं! मी वसुबारसेपासून मागेच लागले. हातात पणती द्यायची, हे काय? नाकाशी उटणं धरायचं, वास कसला? माझा नवरा करण वैतागला.

"काऊन छळून राह्यली म्हाताऱ्याला? शाळा हाय का ही?"

"मंग तू बस त्यांच्यापाशी," मी म्हटलं. तो मोबाईल कानाला लावून गोठ्याकडे निघून गेला. दिवाळीला सगळे घरी असतात म्हणे. असतात कुठले!

खरं तर हे सगळं मी आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी चालवलं होतं. गेल्या पाडव्याला त्या तबक घेऊन ओवाळायला गेल्या, तर मामाजींनी त्यांचा हात झटकला. "कोण हाय ही?" म्हणून ओरडले. कुंकू अंगणभर सांडलं. यंदा पणत्या धुताना आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "वर्षे, येवढा एक डाव वळखलं तरी बास हाय मला." जन्मात कधी काही मागितलं नव्हतं बाईने. मी मनाशी म्हटलं, आता काही झालं तरी हे करायचंच.

दिवेलागणीला ओट्यावर पाट मांडला. आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मामाजी नवी टोपी घालून शहाण्यासारखे बसले. कुंकू लावून घेतलं, कपाळावरच्या अक्षताही झटकल्या नाहीत.

"ही कोण, मामाजी?"

"साखराबाई."

आत्याबाईंनी ओवाळायला तबक उचललं. मला तर रडूच फुटलं. जिंकले एकदाची, असं वाटलं.

तेवढ्यात मामाजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, तू शिकवलं तसं म्हणलो. आता सांग, आपली साखरा कवा येणार?"

"अहो, ह्या काय समोर!"

"ही न्हवं. ही भली बाई हाय, पण ही न्हवं." ते फाटकाकडे पाहायला लागले. "साखरा मागं राह्यली. आजच व्यालेली मेंढी हाय तिच्यापाशी, कोकरू काखंला. जल्दी चालता येत न्हाई तिला. ती आल्याबिगर मी कुणाकडून ओवाळून घेणार न्हाई. वाईट वाटंल तिला."

मग आत्याबाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "बाई, राग नका धरू. तुमी बी घरी जा. तुमचा मालक पाटावर बसून वाट पाहत आसंल."

मी बोलायला तोंड उघडलं, "मामाजी, आज पाडवा—"

"ऱ्हाऊ दे, वर्षे," आत्याबाई म्हणाल्या. "बिलकुल सांगू नको."

मला भयंकर संताप आला. त्या डॉक्टरचा, गोठ्यात बसलेल्या करणचा, माझ्या मूर्ख टाळीचा. एवढ्या दिवसांत मी त्यांना फक्त उत्तर पाठ करायला लावलं होतं. ते इथं आलेच नव्हते, आणि आता येणारही नव्हते.

आत्याबाईंनी दिवा ओवाळलाच नाही. तबक खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पाटापासून जरा अंतर राखून बसल्या, परक्या पुरुषाजवळ बसावं तशा.

"लई लांब हाय का ती?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. वढ्यापाशी आली आसंल."

"मंग मी बी बसते. येऊ द्या तिला."

मामाजींना बरं वाटलं. ते सरकले, आणि दोघंही वाटेकडे पाहत बसले. तबकातला दिवा विझायला आला तशी मी तेल घालायला उठले. आत्याबाईंनी मानेनेच नको म्हटलं. अंधारात मामाजींना परकं तोंड तरी दिसणार नव्हतं.