शिदबाची झील

माघातली दुपार कलली होती. कृष्णेचं पाणी आटून, अंग चोरून, काळ्या खडकांच्या कडेकडेने मुकाट वाहत होतं. आणि दोन्ही तीरांवर, नजर पोचेल तिथवर, उसाला तुरे आले होते. शुभ्र तुरे, धूसरशुभ्र तुरे, अस्तमान उन्हात सोनशुभ्र होऊ घातलेले तुरे. वारा आला की सारं शिवार एका अंगावर कलायचं, वारा गेला की सावकाश उभं राहायचं. तासन्‌तास बघत बसावं असं ते दृश्य, पण गोजरा त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

घाटाच्या वरच्या अंगाला, पिंपरणीच्या विरळ सावलीत, तिने घोंगडं अंथरलं होतं. मांडीवर डफ. उजव्या हाताला पाण्याचा तांब्या. आणि डाव्या हाताला, घडी घातलेल्या दुसऱ्या घोंगड्यावर, एक जुनं, हात लागून लागून काळवंडलेलं तुणतुणं. त्याची तार उतरवलेली होती. आषाढापासून ती तशीच होती.

आज सांजेला या घाटावर गाणं बांधणाऱ्यांचा मेळा भरायचा होता. दरसाल भरतो. ना मंडप, ना माईक, ना सत्काराच्या शाली. आसपासच्या तालुक्यांतून गाणं रचणारी माणसं येतात, पायऱ्यांवर बसतात, गातात आणि भाकरी खाऊन घरी जातात. रिवाज एकच: गाणं आपलं हवं आणि नवं हवं. बापाचं चालत नाही, गुरूचं चालत नाही, आणि गेल्या सालचं तर मुळीच चालत नाही.

गोजरा इथली जुनी शाहीर. पण यंदा तिने मनाशी एक ठरवून टाकलं होतं, आणि ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आज घशातून गाणं निघालं तर निघालं. नाही निघालं, तर घरी जाऊन डफ खुंटीला टांगायचा, तो कायमचा. शिदबा गेल्यापासून ती चार माणसांत एकदाही गायली नव्हती.

शिदबा तिचा नवरा, आणि शिदबा तिचा झीलकरी. शाहिराची ओळ जिथे संपते, तिथून मागच्या मागे तुणतुणं छेडत ‘जी... जी जी...’ असा लांब सूर जो धरतो, तो झीलकरी. लोकांना वाटतं, ही आपली नुसती साथ. साथ कसली घेऊन बसलात! शाहीरसुद्धा माणूसच असतो, त्यालाही छाती असते. मागचा सूर जेवढा टिकेल, तेवढाच पुढच्याला श्वास मिळतो.

घरी ती त्याच्या मागून चालायची, फडात तो तिच्या मागे उभा राहायचा. गावाने यावरून दोघांची टिंगल करायची काही बाकी ठेवली नाही. शिदबाने ती सगळी मिशीतल्या मिशीत पचवली. “शाहीरबाई पुढं बघत्यात, म्या पाठ राखतो,” एवढंच म्हणायचा, आणि तुणतुण्याची खुंटी पिळायला लागायचा.

आणि काय त्याचा तो सूर! निर्मळ, निर्भर, निर्वेध. शिदबाने ‘जी’ धरला की गोजरा तेवढ्यात घाम पुसायची, पदर खोचायची, बायकांच्या घोळक्यात कुणाचे डोळे भरून आलेत ते निवांत बघून घ्यायची, आणि तरी सूर शिल्लक असायचा. कधी कधी तिची डफावरची थाप इतकी जोरात पडायची की शेजारचं तुणतुणं कुणी न छेडता आपसूक गुणगुणायचं. “हे बघ, माज्या आधी हेच जी म्हणाय लागलं,” असं म्हणून शिदबा भर फडात हसायचा. ती डोळे वटारायची, पण तिलाही हसू फुटायचं.

ते सुवर्णस्वर दिवस, ते दीर्घश्वास दिवस. गेले.

पायऱ्यांवरून कुणीतरी चढून येत होतं. खांद्याला गिटार, अंगात विटका सदरा, पायात करकरणारी धनगरी पायताणं. माणदेशातला लहू. त्याचा बाप जन्मभर मेंढरांमागे हिंडला. लहू गाणी बांधत गावोगाव हिंडतो. गोजराला तो आक्का म्हणायचा. आल्या आल्या तो तिच्या पाया पडला, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायला आणि घोंगड्याच्या कडेला टेकला. शिदबाचा विषय त्याने काढला नाही. नुसतं एकदा तुणतुण्याकडे बघितलं.

गाणं बांधणारी दोन माणसं भेटली, की बोलणं फिरून फिरून एकाच वाटेला लागतं: तुझं गाणं आलं कुठून?

“माजी चाल मेंढरांनी दिली, आक्का,” लहू म्हणाला. “बा म्होरं, कळप मधी, मी मागं. कळप चालला की ओळ चालायची. कळप थांबला की ओळ थांबायची. दुसरा गुरू कुठला आलाय?”

“आन आता काय बांधतोस?”

“आता कळपच न्हाई. बानं इकून टाकला. मोकळ्या रस्त्याचं गाणं बांधाय घेतलंय, पर ओळ कुठं थांबवावी तेच उमगंना. चालतीच हाय, आपली चालतीच हाय.” तो हसला, पण हसण्यात काही राम नव्हता. “तुजी ओळ कशी बरूबर थांबती. आखूड. नेमकी. खोटं कशाला बोलू, ती रीत म्या तुज्याकडनंच उचललीया.”

गोजराची आखूड ओळ! तिचा साऱ्या मुलखात बोलबाला होता. कुणी म्हणे हा सवाल-जवाबाच्या भेदिक गाण्याचा संस्कार, कुणी म्हणे जात्यावरच्या ओवीचा. एका विद्वानाने तर त्यावर तासभर भाषण ठोकलं होतं, समोर गोजराला बसवून. “असंल बाबा,” म्हणून तिने चहाचा कप खाली ठेवला होता. आताही तिने नुसती पदराने डफाची कड पुसली.

“नवं दाव की मला,” लहू म्हणाला. “मेळ्याआधी.”

तिने नाही म्हणून बघितलं. मग डफावर नुसती बोटं ठेवली, आणि अगदी हलक्या, घरातल्या आवाजात म्हणायला लागली.

*कृष्णेच्या काठावर उसाला आला तुरा, वाऱ्यानं वाकतुया पांढरा पिसारा...*

ती थांबली. बराच वेळ थांबली. पिंपरणीचं एक पान गिरक्या घेत खाली आलं.

*गुऱ्हाळ निवलं, कढई झाली पालथी, हाताचा वास त्याच्या अजून गुळावरती...*

पुन्हा ती थांबली. पुन्हा तेवढीच. लहू आधी ऐकत होता, मग बघायला लागला, मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

“आक्का, रागावू नगंस. पर ही तुजी ओळ न्हवं. लई लांबलीया. आन दर ओळीला तू थांबतीस, मान वळवून तिकडं बघतीस. लोक म्हणतील, बाई इसरली. ओळी जोड की एकमेकीला.”

“मी? मी कुठं बघती?”

“तिकडं.”

तिने स्वतःच्याच नजरेमागे नजर नेली. डावीकडे. घडीचं घोंगडं, आणि त्यावर निःशब्द, निस्तेज, एकाकी तुणतुणं.

लहूच्या मनात काही वाकडं नव्हतं, पोर बिचारं भल्यापोटीच बोललं. “न्हाईतर असं करू, म्या धरतो झील,” असं म्हणून त्याने तुणतुण्याच्या खुंटीला हात घातला.

“ठेव! ठेव ते खाली!”

ती अशी कडाडली की घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या. लहूने तुणतुणं जागच्या जागी ठेवलं. राग कुणावर करावा ते गोजराचं तिलाच कळत नव्हतं.

नदीवरून वारा आला. तुरे वाकले. तुरे उठले. मग ती बोलायला लागली, त्याच्याकडे न बघता.

“आखूड ओळ पायजे न्हवं तुला माजी? ऐक मग कुठनं आली ती.”

शिदबा गुळव्या होता. उकळत्या रसाचा गूळ कधी होतो ते वासावरून सांगायचा, आणि त्या वासासाठी वर्षानुवर्षं धुरात उभा राहायचा. धुराने छाती खाल्ली. आधी खोकला आला, मग धाप आली. फडात तो ‘जी’ धरायचा आणि सूर मध्येच तुटायचा. तुटला की तो शरमेने खाली बघायचा. गोजराला ते बघवेना. मग पुढच्या गाण्यात तिने ओळ थोडी आखूड केली, म्हणजे तिला श्वास थोडा लागेल, म्हणजे त्याला सूर थोडाच धरावा लागेल. त्यापुढच्या गाण्यात आणखी आखूड. दर साली थोडी, थोडी.

“एकदा म्हणाले, ‘हल्ली आखूड बांधतीस, झ्याक वाटतंय.’ म्या म्हणलं, ‘व्हय, नवी रीत हाय.’ खरं वाटलं त्यास्नी.” तिने पदराने नाक पुसलं. “रीत कसली रं, लहू? दम हुता त्यांचा. सपत चाललेला.”

लहूने मान खाली घातली. ती ओळ त्याने उचलली होती, गावोगाव मिरवली होती, आणि आता त्याला आपल्याच गाण्यांत कुणाची तरी धाप ऐकू यायला लागली.

“आन आता ह्या गाण्यात...” गोजरा म्हणाली, आणि अडली.

तिने मनातल्या मनात ती थांबायची जागा पुन्हा म्हणून बघितली. मोठी जागा. ऐसपैस जागा. घाम पुसावा, पदर खोचावा, माणसांचे चेहरे बघून घ्यावेत, आणि तरी उरावी एवढी जागा. हा कालपरवाचा शिदबा नव्हता. हा पहिल्या वर्षांचा शिदबा होता, भरल्या छातीचा, काळ्याभोर मिशीचा, निर्वेध सुराचा.

“ह्यात त्यांचा दम पुरा हाय रं,” ती म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. “गाण्यात म्या त्यास्नी बरं करून ठिवलंय. माजं मलाच ठावं न्हवतं. लई आठवण येती रं लहू, लई येती. भाकरी थापताना येती, दिवा लावताना येती. श्वास घ्यायला गेलं की येती.”

लहू तिची समजूत घालायला गेला नाही. तेवढी अक्कल त्याला होती. तो एवढंच म्हणाला, “मग जोडू नगंस, आक्का.”

ऊन उतरलं. खडक तांबूस झाले, पाणी तांबूस झालं, तुरे क्षणभर तांबूस होऊन पुन्हा राखाडले. पायऱ्या माणसांनी भरल्या. कुणी बोरं आणली होती, कुणी शेंगा. गप्पा, हाका, लेकरांची रडारड सगळं यथासांग चाललं होतं. एकेक जण उठला, गायला, बसला. लहूचं मोकळ्या रस्त्याचं गाणंही झालं. ओळ कुठे थांबवावी ते त्याला अजून उमगलं नव्हतं, पण लोकांनी माना डोलावल्या.

मग गोजराचं नाव घेतलं गेलं, आणि घाट चिडीचूप झाला.

ती उठली. घडीचं घोंगडं उचलून तिने आपल्या डाव्या अंगाला, एक पाऊल मागे, अंथरलं. त्यावर तुणतुणं उभं केलं. वाकली, आणि आषाढापासून उतरलेली तार तिने स्वतःच्या हाताने पिळली. थोडी, आणखी थोडी, नवऱ्याच्या सुराला येईपर्यंत. कुणीही मदतीला उठलं नाही, आणि ते बरंच झालं.

डफावर थाप पडली. *कृष्णेच्या काठावर उसाला आला तुरा...* आवाज आधी चिरकला, मग सावरला, मग भरून आला. ओळ संपली. ती थांबली.

लोक शाहिरी कोळून प्यालेले. ती जागा कसली आहे ते त्यांना सांगावं लागत नाही. क्षणभर चुळबुळ झाली, आणि मग पायऱ्यांवरून एका म्हाताऱ्याने, मायेनेच, सूर लावला: “जी...” त्याला दुसरा मिळाला, तिसरा मिळाला.

गोजराने हात वर केला.

“नगं,” ती म्हणाली. “ती जागा रिकामी न्हाई.”

सूर जिथल्या तिथे विरले. त्यानंतर कुणी ओठ हलवला नाही. ती एकेक ओळ म्हणत गेली, तुऱ्यांची, गुऱ्हाळाची, भाकरीची, दिव्याची. आणि प्रत्येक ओळीपाशी सारा घाट तिच्याबरोबर थांबत गेला. बायका पदराचं टोक तोंडात धरून बसल्या होत्या. लहू गुडघ्यांत डोकं घालून ऐकत होता.

*हाक मारून बघते मी, वळून डाव्या हाती...*

ही शेवटची ओळ. सगळ्यांत लांब, दम उखडेल इतकी लांब. ती संपता संपता गोजराच्या छातीत कणभरही वारा उरला नाही. तिने डफावर एकच थाप मारली, होती नव्हती तेवढी ताकद लावून मारली, आणि मान वळवली.

डफ निमाला. आणि मग, एक पाऊल मागून, कुणी न छेडता, आपसूक, तुणतुण्याची तार गुणगुणली. बारीक, बारीक, अजून बारीक. वारा थांबला होता, तुरे थांबले होते, सांजेची कृष्णा थांबल्यासारखी वाटत होती. आणि तो सूर टिकून राहिला तेवढ्यात गोजराने पदराने घाम पुसला, पदर खोचला, आणि आषाढापासून पहिल्यांदाच पोटभर श्वास घेतला.